क्लायंटचं वय झालंय आणि व्यवहाराचं भान सुटत चाललंय असं वाटतंय, सल्लागाराने नेमकं काय करायचं?

चक्रवाढ_व्याज

नमस्कार मंडळी, विचारू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, शेवटी विचारतोच. मी गुंतवणूक सल्लागार आहे, फी घेऊन सल्ला देतो, कमिशनवर काम करत नाही (आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिले सगळे प्रतिसाद त्याच्यावरच जातील). एक क्लायंट आहेत, वय ७८, निवृत्त इंजिनिअर, बायको गेल्यापासून एकटेच राहतात. ही फाइल माझ्याकडे दुसऱ्या सल्लागाराकडून आली. हिशेबाला माणूस इतका पक्का की स्टेटमेंटमधली दशांश चिन्हानंतरची चूकसुद्धा काढून दाखवायचे आणि वर मिश्किल हसायचे.

हल्ली मात्र काहीतरी बिनसलंय. एकाच फोनमध्ये तीच गोष्ट परत परत विचारतात, मी कधी बोललोच नाही ते 'तूच म्हणाला होतास' म्हणून सांगतात, पासवर्ड दर वेळी नवा काढून द्यावा लागतो, विम्याचा हप्ता चुकला तो त्यांना कळलाच नाही आणि घरी गेलो तर टेबलावर न उघडलेल्या पाकिटांचा ढीग. पण मध्येच असं काही मुद्द्याचं बोलून जातात की वाटतं छे, आपल्यालाच भास होतोय, माणूस ठणठणीत आहे.

आता खरी अडचण. परवा फोन आला की सगळं मोडायचंय, फंड, बॉन्ड, सगळं, आणि फोनवर ओळख झालेल्या कुणा 'फार हुशार' माणसाच्या ट्रेडिंग अ‍ॅपमध्ये टाकायचंय. वर 'मुलाला यातलं काही कळता कामा नये'. समोर बसून सविस्तर बोलल्याशिवाय एवढा मोठा व्यवहार मी करत नाही असं सांगून वेळ मागून घेतलाय, पण तो फार दिवस पुरणार नाही. मुलाला मी एकदाच भेटलोय, नंबर आहे, पण त्याच्याशी बोलायची लेखी परवानगी फाइलमध्ये नाही. मग क्लायंट सांगतील ते करणं माझं काम की त्यांना थांबवणं? मुलाला फोन लावायचा का? आणि बाकीचे क्लायंट जे आज छान आहेत पण सत्तरीला आलेत त्यांच्याशी हा विषय काढायचा तरी कसा, 'काका, उद्या तुमची बुद्धी चालेनाशी झाली तर' असं तोंडावर कोण विचारणार?

रोखठोक

यात विचार कसला करताय, मुलाला फोन लावा. आजच. पैसे गेल्यावर ती प्रायव्हसी घेऊन काय करायचंय.

कलम_पोटकलम

@रोखठोक, कळकळ समजते पण एवढं सरळ नाहीये ते. पेशाने वकील आहे, वृद्धांच्या मालमत्तेचीच कामं जास्त करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, सज्ञान माणसाला त्याचे व्यवहार कळतात असंच कायदा धरून चालतो, कळत नाहीत हे म्हणणाऱ्याने दाखवून द्यायचं असतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये यासाठी वेगळा कायदाच आहे, २००५ चा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट, आणि तुम्ही जगात कुठेही असा, त्यातली विचार करायची पद्धत उचलण्यासारखी आहे. तो म्हणतो की क्षमता ही त्या त्या निर्णयापुरती आणि त्या त्या वेळेपुरती बघायची. म्हणजे 'हे गृहस्थ सक्षम आहेत का' हा प्रश्नच चुकीचा. 'आज, हा निर्णय, यांना घेता येतोय का' असा प्रश्न. दूधवाल्याचं बिल देता येईल, एक ठेव मोडून दुसरी करता येईल, पण सगळा पोर्टफोलिओ विकून भलतीकडे टाकण्यातली जोखीम पेलणार नाही, हे सगळं एकाच माणसाच्या बाबतीत एकाच दिवशी खरं असू शकतं. आणि बघायचं काय, तर माहिती समजतेय का, निर्णय होईपर्यंत ती डोक्यात राहतेय का (थोडा वेळ राहिली तरी चालतं, महिनाभर लक्षात ठेवायची अट नाही), तिचा वापर करून बरं-वाईट तोलता येतंय का आणि शेवटी आपला निर्णय कसाही का होईना सांगता येतोय का. एवढंच. निर्णय मूर्खपणाचा आहे एवढ्यावरून माणूस अक्षम ठरत नाही, तो कायदा हे स्पष्टच म्हणतो. मूर्खपणा करायचा हक्क सत्तरीनंतर संपत नाही.

आता तुमच्या केसमध्ये दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात, त्या सोडवून बघा. एक, त्यांची क्षमता कमी होतेय का. दुसरी, त्यांना कुणी फसवतंय का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यावर अवलंबून नाही! अनोळखी माणूस, फोनवरची ओळख, सगळं मोडून टाक, घरच्यांना सांगू नकोस, हे तिशीतल्या माणसाने सांगितलं असतं तरी तुम्ही थांबवलंच असतं ना. मग इथेही त्याच कारणाने थांबवा, डोक्याचा विषय मध्ये आणायची गरज नाही. 'हा प्रकार मला फसवणुकीचा दिसतो, याची शहानिशा झाल्याशिवाय मी हात लावणार नाही' असं लेखी कळवा. आणि तुमच्या संस्थेत कम्प्लायन्सवाला, म्हणजे नियम पाळले जातायत ना ते बघणारा, कुणी असेल तर त्याला आजच सांगा, हे एकट्याने डोक्यावर घ्यायचं काम नाही.

अमेरिकेत ब्रोकर लोकांसाठी फिनरा नावाच्या नियामक संस्थेने फेब्रुवारी २०१८ पासून दोन नियम लागू केले, ते माहीत असलेले बरे. एक असा की खातं उघडताना क्लायंटला 'विश्वासाचा संपर्क' म्हणून एका माणसाचं नाव विचारायचं. त्या माणसाला खात्यात काडीचाही अधिकार नसतो, पैसे काढता येत नाहीत, फक्त काळजी वाटली तर सल्लागार त्याला फोन करू शकतो. क्लायंटने नाव दिलंच पाहिजे अशी सक्ती नाही, पण विचारणं सल्लागाराला भाग आहे. दुसरा असा की ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाचं शोषण होतंय असं मानायला वाजवी कारण असेल तर पैसे बाहेर जाणं तात्पुरतं रोखता येतं, आधी १५ कामकाजाचे दिवस, मग ठरावीक अटींवर मुदत वाढवत. २०२२ पासून ही मुदतवाढ अजून लांबवता येते आणि खरेदी-विक्रीचे व्यवहारही रोखता येतात. तुमच्याकडे असा नियम असेल-नसेल, तो बघून घ्या, पण नसला तरी तुमच्या करारात तुम्ही असं कलम घालू शकता, क्लायंट शुद्धीवर, म्हणजे पूर्ण भानावर असताना त्याच्या सहीने.

मुलाला फोन? परवानगी नसताना खात्याबद्दल एक अक्षर बोलू नका. आधी क्लायंटचीच परवानगी मागा.

रोखठोक

आणि ते नाही म्हणाले तर? मग बसायचं बघत?

कलम_पोटकलम

नाही म्हणाले तर विचारा, मुलगा नको तर दुसरं कोण? बहुतेक वेळा 'कुणीच नको' असं नसतं, 'तो नको' असं असतं. आणि कुणाचा तरी जीव-माल खरोखर धोक्यात असेल तर पोलीस किंवा वृद्धांच्या संरक्षणासाठी जी सरकारी यंत्रणा असेल तिला कळवायची मुभा बऱ्याच ठिकाणच्या कायद्यात असते, ती वाट वेगळी. घरच्यांना परस्पर फोन करणं म्हणजे ती वाट नव्हे. शिवाय फसवणारा घरातलाच निघाला तर? वृद्धांच्या पैशाच्या भानगडीत नातेवाईक हे काही दुर्मिळ पात्र नाहीये, विचारा माझ्या फाइलींना.

वॉर्ड_नंबर_चार

मी मेंदूविकार विभागात काम करतो. वर सगळं कायद्याचं झालं, थोडं आमच्या बाजूचं सांगतो.

पैशाचा व्यवहार हे मेंदूच्या दृष्टीने फार गुंतागुंतीचं काम आहे. आकडे, स्मरण, पुढचा विचार, समोरच्याचा हेतू ओळखणं, सगळं एकाच वेळी लागतं. त्यामुळे स्मृतिभ्रंशात (डिमेन्शियात) इतर गोष्टी बऱ्यापैकी चालू असताना हे आधी डगमगायला लागतं. २०२० साली जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात पुढे ज्यांना डिमेन्शियाचं निदान झालं त्यांची बिलं निदानाच्या ६ वर्षं आधीपासून थकायला लागलेली दिसली. सहा वर्षं! म्हणजे आमच्याकडे पेशंट येईपर्यंत तुमच्या फाइलमध्ये खुणा पडायला लागलेल्या असतात. तुम्ही जे लिहिलंय, हप्ता चुकणं, पाकिटं न उघडणं, ते नुसत्या 'नाव आठवत नाही'पेक्षा मला जास्त खटकतं.

पण म्हणून निदान करायला जाऊ नका. घड्याळ काढायला लावणं, आज वार कोणता विचारणं, असले उद्योग सल्लागाराने करायचे नाहीत, माणूस दुखावतो आणि त्यातून तुम्हाला काही कळतही नाही. दुसरं म्हणजे, गोंधळलेला प्रत्येक म्हातारा माणूस डिमेन्शियाचाच असतो असं नाही. थायरॉइड, बी-१२ कमी असणं, डिप्रेशन (बायको गेली म्हणालात ना), झोपेच्या गोळ्या, लघवीचं इन्फेक्शन, साधं ऐकू न येणं, या सगळ्यात माणूस असाच दिसू शकतो आणि यातलं बरंचसं उपचाराने सुधारतं. अचानक, दोन-चार दिवसांत फरक पडला असेल तर ती तातडीची गोष्ट, त्याच दिवशी डॉक्टरकडे. हळूहळू झालेलं असेल तरी डॉक्टरला दाखवायला हवंच, त्यात हयगय नको.

एक गोष्ट सल्लागारांना सहसा माहीत नसते म्हणून मुद्दाम लिहितो. पार्किन्सनसाठी प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल अशी औषधं देतात, ती घेणाऱ्या काही जणांना जुगाराचं, खरेदीचं वेड लागतं, आयुष्यात पत्त्याला हात न लावलेल्या माणसालासुद्धा. स्मरणशक्ती एकदम शाबूत, पण पैसे उडवणं चालू. डोस बदलला की बऱ्याचदा उतरतं, पण स्वतःच्या मनाने बंद करायचं नसतं ते औषध. तसंच फ्रंटोटेम्पोरल प्रकारच्या डिमेन्शियात सुरुवातीला विसरणं नसतंच, स्वभाव बदलतो, धरबंद सुटतो, आणि तो बऱ्याचदा पासष्टीच्या आतच येतो. तेव्हा 'सगळं आठवतंय म्हणजे ठीक आहे' हा हिशेब धरू नका. माणूस त्याच्या स्वतःच्या जुन्या वागण्यापेक्षा किती बदललाय ते बघा. आयुष्यभर धाडसी असलेल्याने धाडस केलं तर काही विशेष नाही, आयुष्यभर ठेवींच्या पलीकडे न गेलेला अचानक उडी मारतोय तर विशेष आहे.

आणि भेट सकाळी ठेवा. संध्याकाळकडे गोंधळ वाढतो बऱ्याच जणांचा. चष्मा, कानाचं यंत्र लावलंय का ते आधी बघा, टीव्ही बंद करा, एका भेटीत एकच विषय. 'समजलं ना?' असं विचारू नका, 'हो' म्हणायला काही लागत नाही, आणि हे लोक वेळ मारून नेण्यात फार तरबेज होतात. 'तुमच्या शब्दांत सांगा बरं आपण काय ठरवलं आणि यात काय बुडू शकतं' असं विचारा, मग खरं काय ते लगेच कळतं.

मधली_लेक

डॉक्टरसाहेब, तो वेळ मारून नेण्याचा मुद्दा अगदी खरा आहे. माझी आई अल्झायमरची पेशंट, सुरुवातीला तिला कुणी काही विचारलं की 'अगं तूच सांग, तुला जास्त कळतं' असं म्हणून इतकं गोड हसायची की समोरचा खूश. आम्हीसुद्धा खूश.

आमच्या केसमध्ये वडील सगळं बघायचे आणि आईला काही माहीत नव्हतं अशी नेहमीची कथा नाही, उलटी होती. सगळे व्यवहार आईच बघायची आणि वडिलांना बँकेचं नावसुद्धा धड सांगता यायचं नाही. त्यामुळे तिचं बिघडलं तेव्हा घरात कळणारं कुणी नव्हतंच, आणि वडील तिची बाजू सावरून घ्यायचे. पहिल्यांदा कुणी बोललं असेल तर ती तिची सल्लागार. तिने फार छान केलं. आईलाच म्हणाली, 'तुमच्याकडे एवढी सात-आठ खाती कशाला, मलाच गोंधळायला होतं, दोनावर आणू का?' म्हणजे गोंधळ स्वतःच्या नावावर घेतला. मग बिलं आपोआप जातील अशी सोय केली, घरखर्चासाठी एक छोटं खातं वेगळं ठेवलं ज्याचं कार्ड आईच्याच पर्समध्ये, आणि मोठी रक्कम दुसरीकडे जिथून दोन सह्यांशिवाय काही हलत नाही. आईचं कार्ड तिच्याकडे राहिलं याचं महत्त्व मी सांगू शकत नाही तुम्हाला. ती दुकानात स्वतः पैसे द्यायची, जास्तीत जास्त काय जाईल तर त्या छोट्या खात्यातलं.

आणि कलमताईंनी घरच्यांबद्दल लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. माझा एक भाऊ आईला घेऊन सल्लागाराकडे गेला होता, 'आईला वाटतंय की घर माझ्या नावावर करावं' म्हणून. ती शांतपणे म्हणाली, तुम्ही जरा बाहेर बसा, मला काकूंशी एकट्याने बोलायचंय. आत आईला विचारलं तर आईला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. भाऊ चिडला, वर्षभर बोलत नव्हता. पण दादा, तुमच्या ऑफिसात हा नियम ठेवाच, कितीही गोड नातेवाईक असो, थोडा वेळ क्लायंटशी एकट्याने बोलायचं. सगळ्यांनाच लागू केलं की कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

जुनं_खोड

मी तुमच्या 'क्लायंट' पार्टीतला आहे, ७४ चालू. सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हटलं आपणही बोलावं.

विषय कसा काढायचा विचारलंत. सरळ काढा की. आम्हाला काय वाटतं, आम्हाला ठाऊक नसतं का? आमच्या बरोबरीचे एकेक जण कसे होत गेले ते आम्ही बघतोय. आम्हाला भीती पैसे जाण्याची नसते एवढी, भीती असते ती आपल्याला खोलीत बसवून बाहेर चर्चा करतील याची. 'काका, पुढे तुम्हाला बरं नसलं आणि मला तुमची काळजी वाटली तर मी कुणाला फोन करू, आणि कुणाला अजिबात करू नको' असं विचारा, मी एका मिनिटात दोन्ही नावं सांगेन. दुसरं नाव पहिल्याहून पटकन!

त्या गृहस्थांनी 'मुलाला सांगू नकोस' म्हटलं यात मला नवल वाटत नाही. मुलाला सांगितलं की पुढच्या महिन्यात चेकबुक काढून घेतात, हे सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा त्यांना आधी हे सांगा की मदत घेतली म्हणजे सगळं हातातून जाणार नाही.

आणि एक प्रश्न तुम्हा सल्लागार मंडळींना. माझा सल्लागार माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे. त्याचं डोकं चालेनासं झालं तर कुणाला कळवायचं? हसू नका, गंभीरपणे विचारतोय.

पासबुक

@जुनं_खोड काका, प्रश्न शंभर टक्के बरोबर. एकट्याने काम करणाऱ्या सल्लागाराने आपल्यामागे फाइली कोण बघणार हे क्लायंटला लेखी देऊन ठेवायला हवं, आणि साठीनंतर तरी एखादा तरुण सहकारी प्रत्येक मीटिंगला बसवायला हवा. तुमच्याकडचे विचारत नसतील तर तुम्हीच विचारा.

@चक्रवाढ_व्याज, मीही याच धंद्यात आहे, आमच्याकडे काय करतो ते सांगतो, यातलं पटेल ते घ्या. वय काहीही असो, नवा क्लायंट आला की विश्वासाच्या माणसाचं नाव घेतोच, चाळीशीतल्या माणसाकडूनसुद्धा, कारण अपघात काय वय बघून होत नाही आणि सगळ्यांनाच विचारलं की कुणाला टोचत नाही. त्याच कागदावर क्लायंट स्वतःच्या अक्षरात लिहितो की कोणत्या गोष्टी दिसल्या तर फोन करायचा आणि त्या माणसाला किती सांगायचं. काहीजण लिहितात फक्त तब्येतीचं विचारा, रकमा सांगू नका. काहीजण म्हणतात सगळं सांगा. दर वर्षी तो कागद पुन्हा पुढे ठेवायचा, कारण माणसं बदलतात, मरतात, भांडतात.

दुसरं म्हणजे नोंदी. मीटिंग झाल्या झाल्या, त्याच दिवशी, आणि त्यात मतं नाहीत, घडलं ते. 'गोंधळलेले वाटले' असं लिहून काही उपयोग नाही. 'पेन्शन कोणत्या खात्यात येते हे तीनदा विचारलं, निघताना बायकोसाठीही फॉर्म मागितला, बायको हयात नाही' असं लिहायचं. उद्या कोर्टात किंवा डॉक्टरसमोर हेच कामाला येतं. आणि रिसेप्शनवरच्या मुलीला विचारत जा, तिला आपल्याआधी कळतं, अपॉइंटमेंट चुकवणं, दिवसातून चार फोन, हे सगळं तिच्याकडे जातं, आपल्याकडे नाही. मोठ्या मीटिंगला दुसरा माणूस साक्षीला असलाच पाहिजे. भेटीनंतर एका पानावर, मोठ्या अक्षरात, काय ठरलं ते पाठवायचं, आणि ठरावीक रकमेच्या वर काहीही असेल तर दोन-तीन दिवस थांबूनच करायचं हे आधीच करारात. त्या थांबण्याने जेवढे पैसे वाचलेत तेवढे माझ्या कुठल्याही हुशार सल्ल्याने वाचले नसतील.

पोर्टफोलिओही त्या हिशेबाने सोपा करत न्यायचा. जे प्रॉडक्ट क्लायंटला आज समजावून सांगायला अर्धा तास लागतो, ते पाच वर्षांनी त्याला किंवा त्याच्या बायकोला मोडता तरी येणार आहे का? लॉक-इनवालं (मुदतीआधी पैसे काढता न येणारं), गुंतागुंतीचं काही नव्याने घालूच नका. शेवटचं म्हणजे आपण स्वतः. नॉमिनी व्हा, मृत्युपत्राची अंमलबजावणी तुम्हीच करा, मुखत्यार तुम्हीच व्हा, असं गळ घालणारे क्लायंट भेटतात, कारण त्यांना दुसरं कुणी नसतं. वाईट वाटतं पण नाही म्हणायचं. ज्याची फी त्या पैशातून जाते त्यानेच त्या पैशाचा मालकासारखा निर्णय घ्यायचा, हे बरोबर नाही, कितीही सरळ माणूस असला तरी.

कलम_पोटकलम

मुखत्यारपत्राचा विषय निघालाच आहे तर एक धोक्याची गोष्ट. लोकांना वाटतं पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून ठेवली की झालं. भारतात साधं मुखत्यारपत्र, ते देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की कायद्याने संपतं, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१. म्हणजे ज्या दिवसासाठी केलं त्याच दिवशी निकामी! इंग्लंड-वेल्समध्ये म्हणून वेगळं 'लास्टिंग' मुखत्यारपत्र आहे, २००७ पासून, ते पब्लिक गार्डियनच्या सरकारी कार्यालयात नोंदवल्याशिवाय वापरता येत नाही आणि करणाऱ्याला काय करतोय ते कळतंय असा दाखला तिसऱ्या माणसाने द्यावा लागतो. अमेरिकेत 'ड्युरेबल' म्हणतात त्याला. आणि 'मी अक्षम झाल्यावरच लागू होईल' असा प्रकार काही ठिकाणी असतो, वाचायला छान वाटतो, पण अक्षम झालो हे डॉक्टरकडून लिहून आणेपर्यंत आठवडे जातात आणि बिलं थांबत नाहीत. म्हणून आपल्याकडे काय चालतं ते वकिलाला विचारून, वेळ असताना करा. मन गेल्यावर सही घेता येत नाही, मग कोर्टाकडून पालक नेमून घेणं उरतं, ते खर्चिक आणि लांबलचक.

आणि नॉमिनी म्हणजे मुखत्यार नव्हे. नॉमिनीचा संबंध मृत्यूनंतर येतो. जिवंतपणी आई अंथरुणावर असताना नॉमिनी म्हणून बँकेत जाणारी मुलं मी नेहमी बघते, हात हलवत परत येतात. जॉइंट खातंही जपून, दुसरं नाव घालणं म्हणजे नुसती मदत नाही, त्या माणसाला पैसे काढायचा हक्क दिला, आणि त्याला कर्ज दिलेल्यांचा किंवा त्याच्या घटस्फोटाचा ससेमिरा त्या खात्यापर्यंत येऊ शकतो.

चक्रवाढ_व्याज

सगळ्यांचे आभार, खरंच. थोडी खबर देतो. कम्प्लायन्सला कळवलं, त्यांनी व्यवहार रोखून ठेवायला लगेच हो म्हटलं आणि क्लायंटना तसं पत्र गेलं. मग सकाळची वेळ घेऊन सहकारी मैत्रिणीला बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांना म्हटलं, हे अ‍ॅप तुमच्या शब्दांत मला समजावून सांगा, इंजिनिअर आहात, मला आकड्यांत दाखवा. सुरुवात जोरात केली पण नफा कुठून येतो इथे अडकले, मग स्वतःवरच चिडले, मग गप्प. मी तिथे ताणलं नाही. खोड काकांचं वाक्य जवळजवळ तसंच वापरलं, कुणाला फोन करू आणि कुणाला नको. मुलाला नको म्हणाले ते म्हणालेच, पण धाकट्या बहिणीचं नाव लगेच दिलं आणि लिहूनही दिलं. तिच्याशी त्यांच्यासमोरच स्पीकरवर बोललो. कळलं ते असं की त्या 'हुशार' माणसाला थोडी रक्कम आधीच बँकेतून गेलीय, ती माझ्या हातातली नव्हती. डॉक्टरकडे बहीण नेणार आहे, त्यांना सांगितलंय की कान आणि रक्त तपासायचंय, जे खोटं नाहीच. क्षमता आहे की नाही यावर मी अजून काहीही ठरवलेलं नाही, ते डॉक्टर बघतील.

मुलाचं काय करायचं ते मात्र अजून डोक्यात आहे. उद्या त्याला दुसरीकडून कळलं तर तो मलाच धरणार.

वॉर्ड_नंबर_चार

धरू दे. बहिणीला मुलाशी बोलायचं असेल तर ती बोलेल, तो त्यांच्या घरचा मामला. डॉक्टरकडे जाताना तुमच्या नोंदी कामाला येतील, पण आता ते हो म्हणतायत तेवढ्यात त्यांच्या सहीची परवानगी घेऊनच बहिणीकडे द्या, आणि औषधांची सगळी पाकिटं बरोबर न्यायला सांगा, यादी नको, पाकिटंच.

पासबुक

जी रक्कम गेलीय तिच्यासाठी बँकेला आणि पोलिसांच्या सायबर विभागाला आजच्या आज तक्रार, बहिणीला त्यांच्याबरोबर बसवून. पहिल्या काही तासांत थांबण्याची शक्यता जास्त असते, नंतर कमी होत जाते. फोनमध्ये स्क्रीन शेअर करणारं काही अ‍ॅप टाकायला लावलंय का ते बघा, असेल तर आधी इंटरनेट बंद करा, मेसेज आणि व्यवहारांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग अ‍ॅप काढा, आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. आणि एकदा फसलेल्याचा नंबर ही मंडळी पुढे विकतात, 'तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो' म्हणून दुसराच कुणीतरी फोन करेल, तेही बहिणीला आत्ताच सांगून ठेवा.

चक्रवाढ_व्याज

तो फोन येऊन गेला. काल. निघालोच त्यांच्याकडे.